कुराचं रक्त

पिशवी परत गेली, हे लोकेंद्रला रक्तपेढीतल्या माणसाच्या फोनवरून कळलं. ‘भैया, आपका बैग ऊपर से वापस आ गया. क्या करना है?’ तेव्हा तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून बायकोनं, दुर्गेश्वरीनं, डब्यात दिलेले पोहे खात होता. घास तोंडातच राहिला. सकाळचे साडेदहा वाजले होते. समोरच्या खिडकीतून गोंदियाचा रस्ता दिसत होता, काचेवर राइस मिलच्या कोंड्याची बारीक धूळ बसलेली, खाली एक ई-रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. सगळं रोजच्यासारखं; फक्त पिशवी परत गेली होती. त्या पिशवीत त्याचं स्वतःचं रक्त होतं. बाबूजींच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं ते दिलं, आणि रक्तपेढीवाले एरवी जे करत नाहीत ते ओळखीवर करवून घेतलं: पिशवीवर बाबूजींचं नाव लिहवून घेतलं. चैनलाल रहांगडाले, वय चौऱ्याहत्तर. हे त्यांनाच जाईल, दुसऱ्या कुणाला नाही, असं तीनदा बजावलं. हे त्याचं बावन्नावं रक्तदान. दर वर्षी राजाभोज जयंतीला समाजाच्या भवनात शिबीर भरवणारा माणूस तो. आपल्या पंपांच्या दुकानात त्यानं मानाच्या ढाली अशा मांडल्या होत्या की मोटार बघायला आलेल्या गिऱ्हाइकाची नजर आधी ढालींवर जावी. अशा माणसाचं रक्त कुणी परत पाठवतं? लग्नातला आहेर भर मांडवात परत करावा, तसं त्याला झालं. रागापेक्षा लाज मोठी होती, आणि लाज कसली हे नीट कळत नव्हतं म्हणून रागच बरा वाटत होता. त्यानं डबा बंद केला आणि उरलेला घास पाण्याबरोबर गिळला.

पोवारांची छत्तीस कुरं. माळव्यातून कधीकाळी निघालेल्या ह्या लोकांनी वाटेत काय काय सांडलं असेल देव जाणे, पण कुरं तेवढी सांडू दिली नाहीत. आडनाव तेच कुर. एका कुराचे सगळे भाऊ, मग कुणी तिरोड्याला असो की बालाघाटला. आणि भाऊ म्हटल्यावर एका कुरात सोयरिक नाही. बाबूजींना त्या कुराचा अभिमान फार. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, कापावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी गाठ केवढी आहे हेही विचारलं नाही. रक्त लागू शकतं, एवढं ऐकून मात्र मान वर केली. ‘परकं रगत मले नोको. द्याचं तं आपल्या कुराचं द्या.’ दवाखान्यात आल्यापासून ते पोवारी सोडून सगळ्यांशी मराठीतच बोलत होते, पोराशीसुद्धा, जणू पाहुणघरी आलेत. लोकेंद्रनं शब्द दिला. देताना त्याला आतून एक गोड गुदगुली झाली, ती त्यानं दुर्गेश्वरीलाही सांगितली नव्हती. बाबूजींनी आजवर त्याच्याकडून काही घेतलंच नव्हतं. शहरात राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यानं नेलेलं स्वेटर दुसऱ्या दिवशी गड्याच्या अंगात दिसलं होतं. आता तरी घेतील, आणि घेतलेलं कुणाला देऊन टाकता येणार नाही, असं त्याच्या मनात आलं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मनात असं यावं हे हसण्यासारखंच, पण आलं खरं.

दार ढकलून तो आत गेला तेव्हा डॉक्टर दामिनी बाबूजींच्या पलंगापाशी उभी राहून कागदावर काही लिहीत होती. ती त्याला बाहेर घेऊन आली. ‘पिशवी मीच परत पाठवली, दादा,’ तिनं स्वतःहूनच सांगितलं. तिला काय म्हणावं हे लोकेंद्रला तीन दिवसांत सुटलेलं नव्हतं. जिभेवर ‘दामिनी’ यायचं आणि जागा ‘मॅडम’ म्हणायची. ती बकारामची पोरगी. बोदलकसाच्या नहराखाली रहांगडाल्यांच्या धानाच्या ज्या बांध्या आहेत, त्यातल्या तीन एकर बकाराम अध्यानं कसायचा. मेहनत त्याची, धान अर्धा अर्धा. मळणीच्या दिवसांत ही पोर खळ्यावर तणसाच्या ढिगात बसलेली असे, आणि लोकेंद्र कॉलेजातून घरी आला की त्याच्या पुस्तकांची पानं उघडून वास घेई. वाचता येत नव्हतं तेव्हाही घेई. पुढे ती नागपूरला शिकली, भूल देण्यात आणि अत्यवस्थ रोगी सांभाळण्यात तिनं नाव काढलं, आणि तिथंच राहायचं सोडून गोंदियाला परत आली. गावात तिचं नाव निघालं की बाबूजी विषय बदलत.

‘हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा हाये,’ लोकेंद्र म्हणाला. ‘निम्म्याच्या जवळ आलं. आन तुमी पिशवी वापस करता?’

‘नाडी चांगली आहे. लघवी होऊन राहिली. श्वास ठीक, आतला रक्तस्राव थांबला. मग कायले द्याचं?’

‘कायले म्हंजे? कमी हाये म्हणून.’

‘आपल्याले वाटते, रक्त म्हंजे ताकद. बाटली लावली का माणूस उभा.’ तिचा आवाज वर गेला नाही आणि समजूत घालणाऱ्या माणसासारखा खालीही आला नाही. ‘पण दुसऱ्याचं रक्त अंगात आलं का शरीर काही दिवस नरम पडते, दादा. परक्याशी भांडणं कमी करते. मागच्या काळात डॉक्टरांनी पाहिलं, किडनी बदलायच्या आधी ज्यायले रक्त दिलं होतं, त्यायच्या अंगानं नवी किडनी जास्त सहज ठेवून घेतली. तिथं ते नरमपण कामाचं. इथं काकांचं आतडं कापून जोडलं आहे. जोड धरेपर्यंत अंगाची राखण जागी पाहिजे. जंतू घुसला तं तिनंच हाकलायचा आहे. नेमक्या ह्याच दिवसांत राखणदाराले झापड येईल असं काही मी कायले देऊ?’

‘म्हंजे रक्त वाईट? मी बावन्न वेळा दिलं ते?’

‘ज्याले लागलं त्याच्यासाठी त्याच्यावाणी दुसरं काही नाही. तुम्ही किती जणांले वाचवलं असंन. पण लागत नसंन तं नाही द्याचं. सगळ्यांलेच त्रास होते असंही नाही. मोठे मोठे डॉक्टर अजून भांडून राहिले त्याच्यावर. त्यायचं भांडण मिटेपर्यंत मी काकांवर काऊन जोखीम घेऊ?’ मग ती थांबली. ‘आन उद्या गरज पडली, तरी ही पिशवी नाही. तुमचंच रक्त, काकांच्या नावानं लिहवून घेतलं ना?’

त्यानं मान हलवली. शाळेत चोरी पकडली गेल्यासारखी.

‘परका अंगात शिरला तं शरीर दबलं तरी त्याले ओळखते, शेवटी बाहेर काढते. सख्ख्याच्या रक्तातल्या पेशी कधी कधी ओळखूच येत नाही. घरचाच समजून ठेवून घेते. आन आठ-दहा दिवसांनी तो घरचाच घराच्या मुळावर उठते. फार थोड्यांले होते, पण झालं तं माणूस वाचत नाही. सख्ख्याचं द्याचंच तं आधी त्या पिशवीवर किरणं सोडा लागते. ती मशीन इथं नाही.’ एवढं बोलून ती आत गेली, कारण आत कुठलंसं यंत्र पिंपिं करू लागलं होतं.

लोकेंद्र पुन्हा बाकावर येऊन बसला आणि त्याला, नको असताना, एक बाही आठवली. मळक्या पांढऱ्या सदऱ्याची, कोपराच्या वर गुंडाळलेली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. खळ्यावर मळणीयंत्रात बाबूजींचा डावा हात सापडला, आणि ज्या माणसानं पट्टा ओढून यंत्र थांबवलं, आपलं धोतर फाडून हात बांधला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाबूजींचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणलं, तो बकाराम. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त पाहिजे, लवकर. लोकेंद्र नुकताच हिवतापातून उठलेला म्हणून त्याचं चालेना, कुरातल्या योगराजकाकांचं जुळेना; तपासणीत बकारामचं जुळलं. त्यानं लगेच बाही वर केली. काळा, शिरा उठलेला हात पुढं करून तो उभा राहिला, जसा कापणीला उभा राहायचा तसा, काही विशेष करतोय असं त्याच्या तोंडावर नव्हतंच. आणि स्ट्रेचरवरून बाबूजी म्हणाले, ‘नोको. आपले लोक येऊन राहिले.’ योगराजकाका घाईघाईनं मध्ये पडले, बकाराम, तू थकला असशील, तू राहू दे. आपले लोक यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत बाबूजींचे ओठ पांढरे पडत गेले आणि बकाराम व्हरांड्यातल्या खांबाशी उभा होता, बाही वर केलेला. लोकेंद्र त्याच्या समोर उभा होता. बकारामकाका, बाही खाली करा, एवढंही त्यानं म्हटलं नाही. जीप आली, कुराचे चार भाऊ उतरले, आणि वळून पाहिलं तर खांब रिकामा होता. बाबूजी वाचले. हात मात्र तीन महिने चिघळला, पू थांबेना, शेवटी दोन बोटं काढावी लागली. सत्तावीस वर्षं घरात सांगितलं गेलं की कुरानं जीव राखला, बोटं दैवानं नेली. आता, ह्या बाकावर बसून, त्याला पहिल्यांदाच वाटलं की त्या चार पिशव्यांनी तेव्हा अंगाची राखण झोपवली तर नसेल? घरातलंच रक्त होतं, मुळावर उठलं असतं तर? ह्याचं उत्तर कुठल्या कागदावर नव्हतं. दामिनीला विचारलं असतं तर तिनंही ‘सांगता येत नाही’ म्हटलं असतं, आणि तेच खरं असतं.

दुपारी योगराजकाका आले. एकटे नाही, जीप भरून. अकरा कुरभाई, सगळे इस्त्रीचे सदरे घालून, रक्त द्यायला. पिशवी परत गेल्याचं ऐकून काकांनी कपाळावर हात मारला. ‘कोन हाये ती? बकारामची ना? मंग आता समजलं.’ काय समजलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मोठे सर्जन फेरीला आले तेव्हा काकांनी त्यांना गाठलं. सर्जन भला माणूस, घाईत. ‘घरच्यांचा आग्रह असेल तर एक-दोन पिशव्या देऊन टाकू, त्यात काय. लिहून द्या, मी मॅडमशी बोलतो.’ झालं. कोरा कागद लोकेंद्रच्या हातात आला, पेन काकांनी दिलं, आणि बापाच्या जिवाची गोष्ट एका सहीवर येऊन थांबली. सही केली आणि जोड चिघळला तर? नाही केली आणि बाबूजी असेच पांढरे होत गेले, त्या दिवशी झाले होते तसे, तर? ‘तिले सारं याद असंन गा,’ काका कानाशी म्हणाले. ‘माणूस विसरत नाई.’ तेच तर भय होतं. नऊ वर्षांची होती ती तेव्हा.

तो काचेतून पाहत राहिला. आत दामिनी बाबूजींच्या उशाशी वाकून त्यांना श्वासाचा व्यायाम करवत होती, नळीतून श्वास आत ओढून गोळी वर न्यायची. बाबूजी कंटाळत होते आणि ती हट्टी मास्तरणीसारखी पुन्हा पुन्हा नळी तोंडाशी नेत होती. मग तिनं तपासणीसाठी रक्त काढलं. इतकीशी नळी, करंगळीच्या पेराएवढी. लोकेंद्रनं बाहेर आलेल्या सिस्टरला विचारलं, एवढी लहान कशी? सिस्टर हसली. ‘छोटे बच्चों वाली है भैया. मॅडम का नियम है. रोज जाँच के लिए जो निकालते हैं, वो भी तो खून ही है, बोलती हैं.’ लोकेंद्र त्या नळीकडं बघतच राहिला. बावन्न वेळा त्यानं साडेतीनशे मिलीची पिशवी भरली होती आणि दर वेळी छाती फुगली होती; आणि ही बाई बापाच्या अंगातला थेंबन् थेंब राखत होती, कुणाला न सांगता, कुठल्याही ढालीविना. सूड घ्यायचा असता तर ह्याहून सोपं काय होतं? पिशवी लावायची. घरच्यांनीच मागितलेली, सही असलेली. कुणी बोट दाखवलं नसतं. त्याला बाबूजींचाच जुना ओरडा आठवला. बी.एस्सी. करून आल्यावर पहिल्याच वर्षी नव्या रोवण्यातला धान पिवळा पडला म्हणून ह्यानं घाबरून युरियाचं पोतं बांधीत फेकायला घेतलं, तेव्हा बाबूजी बांधावरून गरजले होते, ‘हात आवर! उपटून लावलेला धान हाये, आठ दिवस पिवळा दिसनच. मूळ धरू दे त्याले.’ धानाच्या बाबतीत ज्याला एवढी समज, त्याच्याच बाबतीत आपण पोतं घेऊन धावतोय. ‘काका, मी सही नाई करत,’ तो म्हणाला. ‘आन हे अकरा जण खाली पाठवा. नाव न लिहिता ज्याले देता येईन त्यानं द्यावं.’ योगराजकाका पोवारीत काहीतरी पुटपुटले, जे इथं लिहिण्यासारखं नाही. कोरा कागद लोकेंद्रनं डब्याच्या पिशवीत टाकला. दुर्गेश्वरीनं तो घरी डब्याचं तेल टिपायला वापरला.

पण सही न करणं सोपं, न केलेल्या सहीबरोबर बसणं अवघड. दुसऱ्या दिवशी सात पॉइंट चार आलं. लोकेंद्रला आकडे दिसत राहिले. भिंतीवर, ई-रिक्षांच्या पाठीवर. मी बापाला मारतोय का, हा प्रश्न तो दात घासतानाही तोंडातून थुंकू शकत नव्हता. दामिनी येई, दोन बोटं मनगटावर ठेवी, डोळ्याखालची कातडी ओढून बघी, पोटावरची पट्टी उचलून जखमेचा वास घेई. होय, वास. पुस्तकांचा घ्यायची तसाच, डोळे बारीक करून. ‘साफ आहे,’ म्हणे. त्या दोन शब्दांवर लोकेंद्र पुढचे सहा तास काढी. काही न करता इतकं काही करणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. गावात लोक धावपळीला सेवा म्हणतात; तो स्वतः तेच म्हणत आला होता.

ऑपरेशननंतरच्या पाचव्या सकाळी ती स्वतःच बाकापाशी आली. ‘सहा पॉइंट सात. नाडी एकशे अठरा. उठवून बसवलं तं दम लागून राहिला. आता द्याचं, दादा. एक पिशवी. मग पुन्हा तपासू.’ चार दिवस नको म्हणणारी, आणि आज तितक्याच सरळपणे द्यायचं म्हणणारी. तिचा हट्ट नव्हताच, हे त्याला तेव्हा उमजलं. ती फक्त बाबूजींकडं बघत आली होती. ‘पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मागवली आहे. नात्याबाहेरची. फक्त काकांना विचारायला पाहिजे. त्यायनं परकं नको म्हटलं होतं ना. शुद्धीवर आहेत, त्यायचा होकार पाहिजे.’

शब्द त्यानं दिला होता, मोडायचाही त्यानंच. तो आत गेला. बाबूजींचा चेहरा उशीच्या अभ्र्याएवढा पांढरा झाला होता, फक्त भुवया तेवढ्या बाबूजींच्या.

‘बाबूजी, रक्त द्या लागते म्हणतात.’

‘तुहं?’

‘माहं चालत नाई.’ त्यानं चादरीची कड सरळ केली. ‘आपल्या कुराचं कोणाचंच नोको म्हणतात. सख्ख्याचं अंगात गेलं तं शरीर ओळखत नाई, मंग तेच घात करते.’

बाबूजींनी डोळे मिटले. लोकेंद्रला वाटलं, झालं, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मग ते दम घेत बोलले, ‘कुरात आपन पोरगी देत नाई. करतही नाई. छत्तीस कुरं बुढ्यायनं कायले राखली मंग? घरच्या घरात घरोबा केला का घर बुडते.’ पुन्हा दम. ‘माहंच चुकलं. रगताले तोच कायदा लागंन ना.’

जे समजायला लोकेंद्रला चार दिवस लागले ते म्हाताऱ्यानं एका दमात गिळलं होतं. आपल्या बापाचा त्याला असा अभिमान ढालींच्या भिंतीपुढं कधी वाटला नव्हता. सिस्टर पिशवी घेऊन आली. दामिनीनं तिच्याबरोबर नंबर मोठ्यानं वाचून दोनदा ताडून पाहिला, आणि बाबूजींच्या झग्याची उजवी बाही दंडापर्यंत गुंडाळून वर केली.

‘कोनाचं हाये?’ बाबूजींनी विचारलं.

‘मालूम नाही, काका. पिशवीवर नंबर असते. नाव नसते.’

बाबूजी पिशवीकडं बघत राहिले. मग चादरीवर पडलेल्या आपल्या डाव्या हाताकडं, त्याच्या उरलेल्या तीन बोटांकडं.

‘मंग बकारामचं समजून घेतो,’ ते म्हणाले.

लोकेंद्रनं मान खाली घातली. नळीचं चक्र फिरवणारा दामिनीचा हात थांबला, मग फिरला. लाल थेंब खाली उतरू लागले. सुरुवातीची पंधरा मिनिटं रोग्यापाशी थांबायचं असतं. तिनं स्टूल ओढलं, मनगट धरलं आणि नजर घड्याळावर ठेवली. ती मोजतेय असंच लोकेंद्रला वाटलं.

‘बाबा त्या दिवशी चालत घरी आले,’ घड्याळावरची नजर न काढता ती म्हणाली, ‘तं बाही तशीच वर होती. आईनं विचारलं, हे काऊन, तवा त्यायले समजलं. मग आईनंच खाली केली.’

बाबूजींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पंधरा मिनिटं झाली, नाडी लिहून झाली, तरी ती स्टुलावरून उठली नाही. पिशवी संपायला तीन तास लागले. मग तिनं नळी सोडवली, आणि बाबूजींची वर गुंडाळलेली बाही, एकेक घडी उलगडत, मनगटापर्यंत खाली केली.